दारावर नाव, हातात भाडेकरार: फिनलंडने बेघरांचा आकडा कसा उतरवला आणि तो पुन्हा का चढला

हेलसिंकीच्या कल्लिओ भागात, आल्पिकातू या रस्त्यावर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं एक मोठं निवारागृह होतं. खाटा 250. 2012 मध्ये त्याचं नूतनीकरण झालं आणि त्याच इमारतीत 81 छोटी स्वतंत्र घरं तयार झाली. वरवर पाहिलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार. शहरात बेघर माणसं आहेत, पारा शून्याच्या बराच खाली उतरतो, आणि तुम्ही अडीचशे जणांच्या निजण्याची सोय मोडून एक्क्याऐंशी जणांची करता!

पण हे जाणूनबुजून केलं होतं, आणि एकाच इमारतीपुरतं नव्हतं. 1970 मध्ये हेलसिंकीत निवारागृहं आणि वसतिगृहं मिळून दोन हजारांहून जास्त खाटा होत्या. 2008 मध्ये त्या साडेपाचशेच्या आसपास उरल्या आणि 2016 मध्ये फक्त 52. त्याच काळात देशातल्या बेघरांची संख्याही घटत गेली. 1987 मध्ये ती अठरा हजारांच्या घरात होती, 2023 मध्ये 3,429 झाली. देशाची लोकसंख्या सुमारे 55 लाख. युरोपातल्या बहुतेक देशांत याच वर्षांत उलटं चित्र होतं.

या यशाची गोष्ट बहुतेकदा 'सरकारने बेघरांना घरं दिली' अशी सांगितली जाते. मला ती अर्धवट वाटते. फिनलंडने बेघर माणसाला भाडेकरू केलं, आणि सगळी मेख त्या भाडेकरारात आहे. यश त्यातून आलं. 2024 मध्ये आकडा पुन्हा चढला त्याचं कारणही बऱ्याच अंशी तिथेच सापडतं.

आधी काय होतं

दुसऱ्या महायुद्धानंतर हेलसिंकीत घरांची इतकी टंचाई होती की हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी खोदलेल्या तळघरांत एकटे पुरुष राहत. साठच्या दशकात बेघर म्हणजे दारूच्या आहारी गेलेला एकटा पुरुष, हे समीकरण पक्कं झालं. 1967 च्या हिवाळ्यात राजधानीत बेघरांचे मृत्यू झाले आणि त्या संतापातून 'नोव्हेंबर चळवळ' उभी राहिली. तोपर्यंत बेघर माणूस हा बराचसा पोलिसांच्या अखत्यारीतला विषय होता. चळवळीने तो समाजकल्याणाचा विषय केला.

1987 हे संयुक्त राष्ट्रांनी बेघरांसाठी निवाऱ्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या वर्षी फिनलंडने दोन कामं केली. 1991 पर्यंत बेघरपणा संपवू, असं सरकारने जाहीर केलं. ते अर्थातच झालं नाही. दुसरं काम जास्त टिकाऊ ठरलं. दर नोव्हेंबरात बेघरांची मोजणी सुरू झाली. या मोजणीत फक्त उघड्यावर झोपणारे धरले जात नाहीत. निवारागृहातले, तुरुंगातून किंवा रुग्णालयातून सुटून जायला जागा नसलेले, आणि घर नाही म्हणून ओळखीच्यांच्या सोफ्यावर दिवस काढणारे, असे सगळे त्यात येतात. मोजलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक या शेवटच्या प्रकारातले निघतात. अनेक देश फक्त फुटपाथवरची डोकी मोजतात आणि मग फिनलंडशी तुलना करतात, तेव्हा ती तुलना मुळातच फसलेली असते.

नव्वदच्या दशकात आकडा झपाट्याने उतरला, पण नव्या शतकात तो आठ हजारांच्या आसपास अडकून बसला. ज्यांची अडचण फक्त पैशाची होती त्यांना घरं मिळाली होती. उरले ते अवघड लोक. व्यसन, मनोविकार, कर्ज, तुरुंगवाऱ्या, आणि यांतलं बरंच काही एकाच माणसाच्या वाट्याला आलेलं. साधारण साडेतीन हजार जण दीर्घकालीन बेघर होते, म्हणजे वर्षभराहून जास्त काळ घराविना किंवा तीन वर्षांत पुन्हा पुन्हा बेघर झालेले.

पायऱ्या आणि त्यांवरून घसरणारे

या लोकांसाठी तेव्हा जगभर रूढ असलेली पद्धत पायऱ्यांची होती. आधी निवारागृहात या. दारू सोडा, मग वसतिगृहात जागा मिळेल. तिथे नीट वागलात तर देखरेखीखालचं तात्पुरतं घर. तिथेही टिकलात तर शेवटी स्वतःचं. प्रत्येक पायरीवर परीक्षा, आणि एकदा पाय घसरला की पुन्हा तळाशी.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. ज्याला घर सांभाळायचं आहे त्याने आधी स्वतःला सांभाळावं, यात चूक काय? चूक कुठे आहे ते रस्त्यावरच्या माणसाचा दिवस पाहिला की कळतं.

बेघर माणसाची सगळ्यात आधी झोप जाते. थंडी, उजेड, गोंगाट, आणि सामान चोरीला जाईल ही भीती. तो तुकड्यातुकड्यांनी झोपतो, बूट उशाला घेऊन. आठवडेच्या आठवडे अशी झोप झाली की धडधाकट माणूसही चिडचिडा होतो, विसरतो, चुकीचे निर्णय घेतो. मग पायांची पाळी. ओले मोजे दिवसचे दिवस अंगावरच वाळतात, जखमा चिघळतात. निवारागृहाच्या दाटीत क्षयरोग आणि त्वचेचे संसर्ग पसरतात. इन्सुलिन घेणाऱ्याला ते थंड ठेवायला फ्रीज नसतो. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते आणि उघड्यावर गुंगीत पडणं परवडत नाही, म्हणून माणूस गोळ्या बंद करतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, 'औषध देतो तर घेत नाही.' दारूचंही तसंच. काही जण दारूमुळे बेघर होतात हे खरं, पण रस्त्यावर आल्यावर प्यायला लागणारे आणि आधीपेक्षा जास्त प्यायला लागणारेही भरपूर असतात. थंडी, भीती आणि कंटाळा या तिन्हींवर हाताशी असलेला स्वस्त उपाय तोच. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 साली बेघर अवस्थेत मरण पावलेल्या पुरुषांचं सरासरी वय 45 होतं, स्त्रियांचं 43.

पत्ता नसणं हा आणखी वेगळा जाच. रुग्णालयाच्या तपासणीचं पत्र कुठे पाठवायचं? बँकेचं, नोकरीच्या अर्जाचं, न्यायालयाच्या तारखेचं? तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि दंड भरायचा राहिला की कर्ज चढतं. माणूस दिवसभर धडपडत असतो, पण ती धडपड जेवणाची रांग, अंघोळीची जागा, फोन चार्ज करायची जागा आणि रात्रीची खाट यांतच संपते. अशा अवस्थेत त्याने व्यसन सोडून दाखवावं आणि मग घर मागावं, ही अट म्हणजे पोहता आलं तरच पाण्याबाहेर काढू असं सांगण्यासारखी आहे.

समाजाला याची किंमत फक्त करुणेच्या हिशेबात मोजावी लागत नाही. अमेरिकेत डेनिस कल्हेन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवारागृहांच्या नोंदी तपासल्या. येणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के थोड्या काळात निघून जात होते आणि बरेचसे परत येत नव्हते. दहा टक्क्यांच्या आसपास लोक मात्र वर्षानुवर्षं तिथेच होते, आणि एकूण खाट-रात्रींपैकी जवळपास निम्म्या त्यांनीच वापरल्या होत्या. रुग्णवाहिका, आपत्कालीन विभाग, पोलीस कोठडी यांचंही गणित असंच थोड्या माणसांभोवती फिरतं. नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात दोन पोलिसांनी अशाच एका माणसाचा हिशेब मांडला होता. दारूच्या नशेत पडलेला सापडायचा, रुग्णालयात जायचा, बरा होऊन पुन्हा रस्त्यावर. दहा वर्षांत त्याच्यावर साधारण दहा लाख डॉलर खर्च झाले होते आणि त्यांतून त्याला एकही कायमचं घर मिळालं नव्हतं.

निवारागृह या चक्रातलं तेल आहे, असं माझं मत. ते बेघरपणा सुसह्य करतं आणि म्हणूनच लांबवतं. रात्रीपुरती सोय झाली की शहराच्या डोक्यावरचा ताण उतरतो, आणि माणूस सकाळी पुन्हा त्याच जागी असतो. कडाक्याच्या थंडीत दार उघडं ठेवणाऱ्यांबद्दल अनादर म्हणून मी हे म्हणत नाही. रात्रीची खाट हीच योजना झाली की गाडी तिथेच थांबते, एवढंच.

चौघांचा अहवाल

2007 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने चार जणांचा एक गट बसवला. फिनलंडमध्ये घरबांधणी याच मंत्रालयाकडे असते. गटात एक बिशप होते, एक राजकारणात मुरलेले डॉक्टर, हेलसिंकीच्या समाजसेवा विभागाचे प्रमुख आणि वाय-फाउंडेशनचे प्रमुख. वाय-फाउंडेशन ही 1985 पासून बाजारातले सुटे फ्लॅट विकत घेऊन बेघरांना भाड्याने देणारी संस्था. पुढे या संस्थेचे प्रमुख झालेले युहा काकिनेन गटाचे सचिव होते. अहवालाला नाव दिलं होतं 'दारावर नाव'. त्यातली मूळ सूचना अशी: घर हे बक्षीस नाही, सुरुवात आहे. पायऱ्यांची पद्धत उलटी करा, आधी घर द्या, बाकीचं त्यानंतर.

ही कल्पना अगदी नवी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञांनी 1992 पासून 'हाउसिंग फर्स्ट' या नावाने हेच चालवलं होतं. तिथे तो एका संस्थेचा प्रकल्प होता. फिनलंडने ते राष्ट्रीय धोरण केलं. 2008 ते 2011 या पहिल्या टप्प्यात दहा मोठ्या शहरांशी सरकारने लेखी करार केले. किती घरं, कुठे, कोणाच्या पैशाने, हे त्यांत होतं. बांधकाम आणि नूतनीकरणाचा मोठा वाटा सरकारी अनुदानाचा. आधार देणाऱ्या कर्मचाऱ्यांचा खर्च सरकार आणि नगरपालिका यांच्यात निम्मा-निम्मा. फ्लॅट विकत घ्यायला जुगारयंत्रांच्या उत्पन्नातून चालणाऱ्या, सरकारी नियंत्रणाखालच्या संस्थेचा निधी. जुगारात हरलेल्यांच्या पैशातून घर गमावलेल्यांना घर, हा योगायोग कुणाला खटकेल, पण निधी नियमित येत होता.

लक्ष्य 1,250 घरांचं होतं, प्रत्यक्षात सोळाशेच्या वर झाली. दीर्घकालीन बेघरांची संख्या मात्र ठरवल्याप्रमाणे निम्म्यावर आली नाही. चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त घटली. 2015 अखेर दुसरा टप्पा संपला तेव्हा घट 35 टक्क्यांवर पोचली होती.

करारात काय असतं

नूतनीकरण झालेल्या इमारतीत राहायला येणारा माणूस साधा, कायद्याने संरक्षित भाडेकरार करतो. भाडं तोच भरतो, उत्पन्न नसेल तर घरभाडे भत्ता आणि मूलभूत सामाजिक साहाय्य यांतून. किल्ली त्याच्याकडे असते. घरात दारू प्यायला बंदी नसते. समुपदेशकाला भेटलाच पाहिजे अशी अट नसते; कर्मचारी इमारतीतच असतात, येऊन दार वाजवतात, दार उघडायचं की नाही ते राहणारा ठरवतो.

यातला बंदीचा अभाव अनेकांना खुपतो. आपल्या करातून कुणी घरात बसून पितो, हे गळी उतरणं सोपं नाही. पण घरातून हाकलायची कारणं किती आणि कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. पायऱ्यांच्या पद्धतीत पिणं हेच कारण होतं. भाडेकरारात कारणं इतर कोणत्याही भाडेकरूला लागू होतात तीच: भाडं थकवणं, शेजाऱ्यांना त्रास, मोडतोड, हिंसा. म्हणजे नियम सैल झाले असं नाही, ते सगळ्यांसारखे झाले. आणि भाडेकरू म्हटल्यावर हक्कही आले. नोटिशीशिवाय बाहेर काढता येत नाही. खोलीची झडती वाटेल तेव्हा घेता येत नाही. पाहुणा येऊ शकतो, आपल्या मुलालाही बोलावता येतं.

या पद्धतीत घर टिकवणाऱ्यांचं प्रमाण साधारण पाचात चार असं सांगितलं जातं. कॅनडात 2009 ते 2013 दरम्यान पाच शहरांत दोन हजारांहून जास्त मनोविकारग्रस्त बेघरांवर याच पद्धतीची मोठी चाचणी झाली. शेवटच्या सहा महिन्यांत सगळा काळ घरात राहिलेले 'आधी घर' गटात 62 टक्के होते, नेहमीची मदत मिळालेल्या गटात 31 टक्के. फरक दुपटीचा. व्यसन आणि मनोविकाराची लक्षणं मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली. घर दिलं की दारू सुटते, असं या चाचणीतून काढता येत नाही. घर दिलं की माणूस घरात राहतो, हे काढता येतं. समर्थक मंडळी पहिला दावा मोहाने करून बसतात आणि मग विरोधकांना आयतं कोलीत मिळतं.

पैशाचा हिशेब

फिनलंडच्या टाम्पेरे शहरातल्या एका आधारयुक्त निवासात 15 रहिवाशांच्या सेवावापराची आधीची आणि नंतरची तुलना केली गेली. माणशी वर्षाला सुमारे 14,000 युरोंची बचत निघाली. हा आकडा जगभर फिरतो. तो पंधरा जणांवरून काढलेला आहे हे सहसा सोबत फिरत नाही. कॅनडातही खर्च वसूल होऊन वर बचत झाली ती सगळ्यात महागड्या दहा टक्के लोकांच्या बाबतीत, दर 10 डॉलरमागे सुमारे 22 डॉलर. बाकीच्यांच्या बाबतीत खर्चाचा काही भागच परत येतो. त्यामुळे 'घर देणं स्वस्त पडतं' हे वाक्य कुणाबद्दल बोलतो आहोत ते सांगून वापरावं.

जमीन कुणाची

परदेशी शिष्टमंडळं हेलसिंकीला जातात, कॉफी पीत रहिवाशांशी बोलतात आणि परत येऊन 'आधी घर'वर सादरीकरण करतात. त्या सादरीकरणात बहुधा राहून जाणारी गोष्ट म्हणजे घर आणायचं कुठून. हेलसिंकी शहर स्वतःच्या सुमारे 70 टक्के जमिनीचं मालक आहे. भाड्याने दिलेली साठ हजारांच्या आसपास घरं शहराच्या मालकीची आहेत. नव्या वस्त्यांत ठरावीक हिस्सा अनुदानित भाड्याच्या घरांचा ठेवायचा, हे धोरण वर्षानुवर्षं चाललेलं आहे. राज्यघटनेच्या 19 व्या कलमात प्रत्येकाच्या निवासाच्या हक्काला चालना देण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर टाकलेली आहे. आधी घर म्हणायला आधी घर शिल्लक असावं लागतं.

अमेरिकेतही हेच उलट बाजूने दिसतं. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरणाऱ्यांचं प्रमाण वेस्ट व्हर्जिनियात फार मोठं आहे, पण तिथे बेघर तुलनेने कमी. सिअ‍ॅटल आणि सॅन फ्रान्सिस्कोत पगार चांगले, तरी बेघर भरमसाट. फरक भाड्यात आणि रिकाम्या घरांच्या संख्येत आहे. कोण बेघर होईल हे व्यसन किंवा आजार ठरवत असेल. किती जण होतील हे बरंचसं घरबाजार ठरवतो.

काय जमलं नाही

एका इमारतीत साठ-सत्तर अवघड माणसं ठेवली की कटकटी होतातच. अमली पदार्थांचे विक्रेते दाराशी येतात. व्यसन सोडू पाहणाऱ्याला शेजारच्या खोलीतली पार्टी नको असते. शेजारपाजारचे लोक इमारत उभी राहण्याआधीच विरोधाच्या सह्या गोळा करतात. यावर फिनलंडने 'शेजारकाम' हा प्रकार रुजवला. रहिवासी आणि कर्मचारी मिळून आसपासचे रस्ते, बागा साफ करतात, शेजाऱ्यांच्या तक्रारींना थेट उत्तर देतात. विरोध यामुळे नाहीसा होत नाही, पण तक्रार कुणाकडे करायची हे कळलं की बरीच धुसफूस शमते. आता कल मोठ्या इमारतींऐवजी शहरभर विखुरलेल्या फ्लॅटकडे आहे. तिथे वेगळं दुखणं निघतं, एकटेपणाचं. रस्त्यावरची सोबत वाईट होती, पण सोबत होती.

स्त्रियांचं चित्र उशिरा लक्षात आलं. त्या निवारागृहात जाणं टाळतात, कुणाच्या तरी घरी राहतात, आणि ते 'कुणीतरी' अनेकदा मारहाण करणारंच असतं. घर मिळवायला भाषा आणि ओळखी लागतात, त्यामुळे स्थलांतरितही मागे पडतात.

2024 आणि त्यानंतर

सलग दहाहून अधिक वर्षं उतरत आलेला आकडा 2024 च्या मोजणीत चढला: 3,429 वरून 3,806. उघड्यावर, जिन्यांखाली आणि आपत्कालीन निवाऱ्यात राहणाऱ्यांची वाढ त्याहून ठळक होती. दीर्घकालीन बेघरांची संख्या मात्र हजाराच्या आसपास जवळपास स्थिर राहिली. याचा अर्थ असा घेता येतो की आधी घरात गेलेले बरेचसे टिकून आहेत, आणि नवे लोक बाहेर पडत आहेत.

2023 मध्ये आलेल्या पंतप्रधान पेटेरी ओर्पो यांच्या सरकारने खर्चकपात हाती घेतली. एप्रिल 2024 पासून घरभाडे भत्ता ग्राह्य खर्चाच्या 80 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर आला, आणि बेरोजगार भत्त्यांनाही कात्री लागली. भाडेकराराचा दुसरा चेहरा इथे दिसतो. निवारागृहात भाडं थकत नाही. घरात थकतं, मग नोटीस येते, मग दावा. करार माणसाला हक्क देतो आणि त्याच कराराने त्याला बाजारातल्या इतर भाडेकरूंसारखं उघडंही पाडतो. भत्ता हा या इमारतीचा पाया आहे, वरची सजावट नाही.

थकबाकी सुरू होताच भाडेकरूला गाठून हप्ते बांधून देणारे निवास सल्लागार फिनलंडच्या शहरांत आहेत, आणि त्यांच्यामुळे बेदखल्या टळतात. पण जानेवारी 2023 पासून आरोग्य आणि समाजसेवा नगरपालिकांकडून काढून नव्या प्रादेशिक संस्थांकडे गेल्या. घरं आणि जमीन नगरपालिकेकडेच राहिली. हेलसिंकीचा अपवाद वगळला तर घरमालक एका यंत्रणेत आणि आधारकर्मी दुसऱ्या, अशी विभागणी झाली आहे, आणि या प्रादेशिक संस्था 2023 आणि 2024 मध्ये स्वतःच तुटीत होत्या. 2027 पर्यंत दीर्घकालीन बेघरपणा संपवण्याचं लक्ष्य याच सरकारच्या कार्यक्रमात आहे. ते गाठायचं तर दोन महिन्यांचं भाडं थकलेल्या माणसाच्या दाराशी आधी कोण पोचतं, सल्लागार की वसुलीची नोटीस, हे कोणत्या यंत्रणेच्या खर्चाने ठरणार, याचा निकाल आधी लावावा लागेल.